चपलांच्या कपाटातला नाद

दाखलेकाकांच्या हातून आयुष्यात एकच वस्तू तयार झाली. ती झाली नसती तर बरं झालं असतं, असं ते आजही म्हणतात. मग जरा थांबून, "तसं नाही, वस्तू चांगलीच झाली होती, पण..." असं पुटपुटतात आणि पुढचं गिळून टाकतात. ते पुढचं आपण सांगू.

काका नोंदणी कार्यालयात जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसत. सव्वीस वर्षं. त्यांची सही झाल्याशिवाय त्या भागात कुणी अधिकृतपणे जन्मत नसे आणि मरतही नसे. म्हणून इमारतीत लहानथोर सगळे त्यांना दाखलेकाका म्हणत. यंत्रांशी त्यांचा संबंध स्टेपलरच्या पुढे कधी गेला नव्हता, आणि स्टेपलरमध्येही पिना भरायच्या तर ते शिपायाला हाक मारत. अशा माणसानं घरच्या घरी सबवूफर बनवायला घ्यावा, याचं काकूंना शेवटपर्यंत नवल वाटलं. सबवूफर म्हणजे गाण्यातला फक्त तळाचा, घुमणारा आवाज काढणारा थोराड स्पीकर. त्यातून गाणं कानाला कळत नाही, छातीला कळतं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं एका रोडरोलरनं.

काकांचे सासरे चार महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे राहायला आले होते. एकेचाळीस वर्षं ते एका बँडमध्ये मोठा ड्रम वाजवत. पोटावर पट्ट्यानं बांधलेला, माणसापेक्षा रुंद, दोन्ही बाजूंनी बडवायचा तो ड्रम. त्या पेशानं त्यांना रुंद छाती दिली, तिरसट स्वभाव दिला आणि शेवटी कान घेतले. कानात बसवायचं यंत्र आणून पाहिलं, पण त्यातून त्यांना फक्त शिट्ट्या ऐकू यायच्या. "हा काय पोलीसखात्याचा माल आहे?" म्हणून त्यांनी ते पेल्यात काढून ठेवलं ते कायमचं. तेव्हापासून त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं. ते मात्र तोंडानं बोलत, आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे असे बोलत की जिन्यातून जाणारा माणूस "काय म्हणालात?" असं विचारून वर येई.

ते आले तेव्हा ड्रमही सोबत आणणार होते. पण काकांनी पाटीवर लिहिलं होतं, "दोन खोल्यांत ठेवणार कुठे?" प्रश्न व्यवहाराचा होता. सासऱ्यांनी तो वाचला, मान हलवली आणि ड्रम बँडवाल्यांना देऊन टाकला. त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. तिरसट माणूस एक शब्दही बोलत नाही तेव्हा समोरच्याला फार जड जातं. काकांना तर ती पाटी दिसली की अजून स्वतःचं अक्षर दिसे.

तर एका रविवारी सकाळी खालच्या रस्त्याच्या कामावर रोडरोलर आला. खिडकीची तावदानं थरथरली, मांडणीतल्या कपबशा किणकिणल्या. खिडकीशी खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी एकदम मान वर केली. एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवला, दुसरा छातीवर. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "आला!" ते गरजले. "बघा, जावईबापू, आला!"

काय आला ते त्यांनी सांगितलं नाही. रोलर पुढे गेला. ते बराच वेळ चौकटीवर हात ठेवून बसले आणि मग त्यांनी तो हळूच काढून मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना काका रेडिओवाल्याच्या दुकानात शिरले.

रेडिओवाला चौकातला जुना मेकॅनिक. त्याच्या दुकानात दुरुस्तीला आलेलं काहीही परत गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण माणूस ज्ञानी होता. काकांचं म्हणणं त्यानं ऐकून घेतलं आणि एका मोडीत निघालेल्या मोटारीच्या डिकीतून काढलेला, ताटाएवढा स्पीकर धूळ झटकून पुढे केला. "आवाज हा काढत नाही, काका. आवाज खोका काढतो. खोका चांगला करा, बाकीचं मी जोडून देतो."

"खोका कसला?"

"घरातलं काहीही. फक्त हवाबंद पाहिजे आणि दणकट पाहिजे."

घरात हवाबंद आणि दणकट असं एकच होतं, पाण्याचा निळा ड्रम. काकू माहेरच्या नातेवाइकाला भेटायला गेलेल्या पाहून काकांनी त्याचं झाकण कापून त्यात स्पीकर बसवला. रेडिओवाल्यानं तारा जोडल्या. बटण दाबताच त्यातून सर्दी झालेल्या म्हशीसारखा आवाज आला. तो बंद झाल्यावरही ड्रम काही वेळ आपल्या मनानं घुमत राहिला. काकू परत आल्या, त्यांनी झाकणाचं भोक पाहिलं आणि इतकंच विचारलं, "उद्या पाणी नाही, हे नोटिसबोर्डावर वाचलंत ना?" वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांनी कार्यालयातल्या नळावर दाढी केली.

एव्हाना ही बातमी शेजारच्या प्रोफेसरांपर्यंत पोचली होती. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि घरी कुणी शिकायला तयार नसल्यामुळे कायम भुकेले असत. ते खडू घेऊनच आले. "गोल भांडं घ्यायचंच नाही! चौकोनी लाकडी पेटी, आतून ऐंशी लिटर."

"लाकडी पेटीत ऐंशी लिटर पाणी राहील का हो?" काकांनी काळजीनं विचारलं.

प्रोफेसरांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर काका खिडकीच्या आतल्या बाजूनं रोज लोकांकडे पाहताना वापरत. बाहेरच्या बाजूला ती कशी लागते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. लिटर हे हवेचेही असतात, असं प्रोफेसरांनी समजावून सांगितलं. मग टेप घेऊन घरातल्या एकेका वस्तूचं पोट मोजलं. घासाघीस बरीच झाली. काकूंची शिलाईची पेटी कमी पडली, धान्याची कोठी काकूंनी दिली नाही. शेवटी दारामागचं चपलांचं कपाट बरोबर ब्याऐंशी लिटर भरलं. "दोन लिटर स्पीकरचे वजा," प्रोफेसर म्हणाले आणि आनंदानं त्यांनी काकांचा हात हातात घेऊन हलवला.

त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या चपला दारात उघड्यावर आल्या. येणाऱ्या प्रत्येकाला वाटे, आत काहीतरी गर्दीचा प्रसंग आहे. तो हलक्या आवाजात विचारी, "कुणी गेलं का?" दाखलेकाकांच्या दारात हा प्रश्न विशेषच लागायचा.

कपाटाच्या फळ्या काढल्या. दाराच्या जागी जाड फळी ठोकली. ती मूळची काकूंच्या इस्त्रीच्या टेबलाची होती. तीत गोल भोक पाडताना काकांनी गोल म्हणून जे पाडलं, त्याला भूमितीत नाव नाही. फटी भरायला लाकडाचा भुसा आणि डिंक. आतून आवाज आपटू नये म्हणून जुन्या उशीचा कापूस. ती उशी जुनी होती हे खरं, पण सासरे तीवरच झोपत हे काकांच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी ते अंथरुणावर नुसता अभ्रा हातात धरून बसलेले दिसले तेव्हा आलं. "चोर!" ते ओरडले, आणि तिसऱ्या मजल्यावरून दोन माणसं काठ्या घेऊन धावत आली.

हवा जायला-यायला एक नळी लागते. ती न्हाणीघराच्या दुरुस्तीतून उरलेल्या पाइपाची केली. खोका कुठून गळतो का हे पाहायची प्रोफेसरांची युक्ती मात्र नामी होती. खोका चालू करायचा आणि मेणबत्ती प्रत्येक सांध्यापाशी धरायची. ज्योत हलली की तिथे भुसा. नळीपाशी मेणबत्ती धरली तर ती एका ठोक्यात विझली. प्रोफेसरांनी ती पुन्हा लावली, खोक्यानं पुन्हा विझवली. हे त्यांनी अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी काकूंनी मेणबत्ती काढून घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी खोका सासऱ्यांच्या खुर्चीजवळ ठेवला. काकांनी फोनवर एका बँडचं जुनं रेकॉर्डिंग शोधून ठेवलं होतं. पाटीवर लिहिलं, "हात ठेवा." सासऱ्यांनी संशयानं पाहिलं आणि मोटारीच्या बॉनेटवर ठेवावा तसा हात ठेवला.

काकांनी बटण दाबलं.

पहिले काही ठोके सासरे हलले नाहीत. मग त्यांनी दुसरा हात ठेवला. मग चपला काढल्या आणि अनवाणी पाय जमिनीला लावले. जमीनही वाजत होती. म्हाताऱ्याच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, इतका बारीक की तो त्यांचा आहे हे काकूंना क्षणभर कळलंच नाही. काकू पदर तोंडाशी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. काका मात्र तिथेच उभे राहिले आणि कौतुकाची वाट पाहू लागले.

"कोण वाजवतोय हा?" सासरे गरजले. "गाढव आहे! तिसऱ्या ठोक्याला घाई करतो!"

पुढचे पाच दिवस त्या घरात जे झालं ते काकूंनी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. काका ऑफिसातून आले की सासरे खोक्याशी तयार बसलेले. एक हात खोक्यावर, दुसरा जावयाच्या मनगटावर. खोक्यातला ठोका ते जावयाच्या मनगटावर वाजवून दाखवत, मग जावयानं तो टेबलावर वाजवायचा. "डावा, डावा! डावा हात काय पगारी रजेवर आहे?" काका घामाघूम होऊन बडवत. लग्न झाल्यापासून या दोघांत 'जेवलात का' आणि 'निघतो' यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. आता म्हातारा हसत होता. चौथ्या दिवशी तर त्यांनी काकूंना सांगितलं, "तुझा नवरा अगदीच दगड नाही." काकांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पाचव्या दिवशी दारावर थाप पडली.

दारात खालच्या मजल्यावरच्या टेलरबाई. कोपऱ्यावर त्यांचं शिवणाचं दुकान. बारीक, अबोल बाई. इमारतीत सतरा वर्षं राहून कुणाशी वरच्या पट्टीत बोललेल्या नाहीत. हातात टाचण्यांचा डबा होता. आत खोका घुमत होता.

"काका, एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मी घरी काजं करते, तर हा डबा..."

आता इथेच काकांचं चुकलं. त्यांच्या मनगटावर त्या वेळी सासऱ्यांचा हात हवा होता आणि दारात तक्रार उभी होती. सव्वीस वर्षं खिडकीवर बसलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य विचार न करताच निघालं.

"तक्रार असेल तर लेखी द्या."

टेलरबाईंनी डब्याचं झाकण घट्ट केलं. "बरं," म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्यांचं बोलणं अर्धवट राहिलं आहे, हे काकांच्या लक्षातही आलं नाही. दार लावून ते परत आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "कोण होतं?" काकांनी पाटीवर लिहिलं, "कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी लेखी तक्रार घेऊन आले. सेक्रेटरी म्हणजे सगळ्यांचं बरोबर आहे असं मानणारा मऊ माणूस. टेलरबाईंनी चारच ओळी लिहिल्या होत्या. वरच्या मजल्यावरील यंत्रामुळे टेबल हादरते, टाचण्यांचा डबा चालत जाऊन खाली पडतो, सुई भलतीकडे जाते. कृपया लक्ष घालावे.

"निकाल लागेपर्यंत बंद ठेवा, काका," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचंही बरोबर आहे, त्यांचंही बरोबर आहे."

काकांना हा अपमान वाटला. यंत्र त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलं होतं, मेणबत्तीनं तपासलं होतं. चार ओळींच्या अर्जावर ते बंद? काकू म्हणाल्या, "अहो, खाली जाऊन एकदा बोलून या ना."

"बोलण्यानं काही सिद्ध होत नाही," काका म्हणाले. "मी दाखला आणतो."

"कसला दाखला?"

"आवाज होत नसल्याचा."

शहरात ध्वनी तपासणारं एक कार्यालय होतं. काका रजा टाकून तिथे गेले. खिडकीतल्या कारकुनानं डोकं वर न काढता अर्ज पुढे सरकवला. 'यंत्राचा प्रकार' या रकान्यात जनरेटर, पिठाची गिरणी, भोंगा आणि इतर असे चार पर्याय होते. काकांनी 'इतर'वर खूण करून समोर लिहिलं, 'चपलांचे कपाट (सुधारित).'

"उत्पादकाचं नाव?" कारकुनानं विचारलं.

"मी स्वतः."

"मग कारखान्याचा परवाना जोडा."

"कारखाना नाहीये हो, घरी केलंय."

"मग कारखाना नसल्याचा दाखला जोडा."

"तो कुठे मिळतो?"

"ते आम्ही नाही सांगत. उद्या या."

उद्या या! हे दोन शब्द काकांनी सव्वीस वर्षांत किती जणांना म्हटले असतील याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती. जिन्यावरून उतरताना त्यांचे कान गरम झाले होते. पण त्यातून जे शिकायचं ते शिकायचं सोडून ते आणखीच इरेला पेटले. कारखाना नसल्याचा दाखला उद्योग खात्यानं दिला नाही, कारण नसलेल्या गोष्टीची फाइल त्यांच्याकडे नव्हती. शेवटी काकांनी साध्या कागदावर 'मी कारखाना नाही' असं प्रतिज्ञापत्र स्वतः लिहिलं, स्वतःच्या ऑफिसात दुसऱ्या साहेबांची सही घेतली आणि जोडलं. या सगळ्यात पावणेतीन आठवडे गेले.

या पावणेतीन आठवड्यांत खोका कोपऱ्यात चादरीखाली होता. सासरे रोज संध्याकाळी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसत. पहिल्या आठवड्यात विचारत, "कधी?" काका पाटीवर लिहीत, "काम चालू आहे." दुसऱ्या आठवड्यात विचारणं थांबलं. ते नुसता चादरीवर हात ठेवून बसत. बंद खोक्यावर हात ठेवून बसलेला माणूस पाहवत नसे, म्हणून काका त्या वेळी अर्जाच्या प्रती नीट लावत बसत.

शेवटी तपासनीस आला. हातात आवाज मोजायचं यंत्र. खोका चालू केला. कपबशा किणकिणल्या, तपासनिसाचं पेन टेबलावरून चालत जाऊन खाली पडलं. त्यानं ते उचललं आणि यंत्र पाहिलं. "काही नाही."

"म्हणजे?"

"पंख्याचा आवाज जास्त आहे. आमचं यंत्र माणसाच्या कानासारखं ऐकतं. हा इतका खालचा आवाज ते धरतच नाही." पेन पुन्हा पडलं. ते एका हातानं दाबून धरून त्यानं लिहिलं, 'तपासणीअंती आवाज आढळून आला नाही.' खाली शिक्का.

काकांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. आयुष्यात इतका निर्दोष दाखला त्यांनी स्वतःही कुणाला दिला नव्हता.

रविवारी सकाळी खालच्या अंगणात सभा भरली. वीस-बावीस माणसं खुर्च्यांवर. काकांनी उभं राहून दाखला वाचला. शिक्क्याचा क्रमांकसुद्धा वाचला. प्रोफेसरांनी टाळ्या वाजवल्या. टेलरबाईंनी टाचण्यांचा डबा टेबलावर ठेवला. झाकणाचा पत्रा एका कोपऱ्यात पडून पडून चेपला होता. सगळ्यांनी तो पाहिला. मग सेक्रेटरींनी घसा खाकरला. "तुमचंही बरोबर आहे, बाई, पण कागद बघता..." ठराव झाला, 'सदर यंत्रास हरकत नाही.' टेलरबाईंनी डबा उचलला आणि त्या कुणाकडे न पाहता दुकान उघडायला निघून गेल्या.

काका दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. दारातूनच पाटी उचलली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आपण जिंकलो!"

सासरे खाटेवर बसून पिशवी भरत होते. सगळी सभा त्यांनी गॅलरीतून पाहिली होती. ऐकू येत नसलेल्या माणसाला चेहरे फार स्पष्ट दिसतात. दर थोड्या वेळानं वीस माणसं मान वर करून त्यांच्याकडे पाहत होती. हात हलवत उभा असलेला जावई त्यांना दिसला होता, आणि डबा घेऊन एकटी निघून जाणारी बाईही दिसली होती.

त्यांनी पाटी वाचली. बाहीनं पुसली. परत जावयाच्या हातात दिली.

"मोठीकडे जातो," ते म्हणाले. आणि नवलाची गोष्ट म्हणजे ते हळू बोलले. "माझ्यापायी माणसं भांडायला लागली. तिच्याकडे खाली-वर कुणी नाही. बरं पडेल."

काकूंनी पाटीवर लिहून विनवलं, रडल्या. काकांनी लिहिलं, "तसं काही नाही." पण ते लिहिताना त्यांनाही ते खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचे मेहुणे गाडी घेऊन आले आणि सासरे गेले. जाताना जावयाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी दोनदा थोपटलं. ती शाबासकी होती की निरोप, हे काकांना अजून ठरवता आलेलं नाही.

ठरावाची प्रत संबंधितांना द्यायची आणि पोचेची सही घ्यायची, असा नियम होता. सासरे गेल्यावर आठवड्यानं काका ती प्रत घेऊन टेलरबाईंच्या दुकानात गेले. गेले नसते तरी चाललं असतं. पण नियम होता, आणि घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते. टेलरबाई मशीनवर होत्या.

"इथे सही करा," काका म्हणाले.

त्यांनी सही केली. मग विचारलं, "बाबा दिसत नाहीत खिडकीत?"

"मोठ्या मुलीकडे गेले."

"त्यांच्यासाठी होतं का ते? खोका?"

काकांनी मान हलवली. मग, ऑफिसात कुणी विचारलं नसताना माहिती द्यायची नाही हा सव्वीस वर्षांचा शिरस्ता मोडून, त्यांनी सगळं सांगितलं. रोडरोलर, मोठा ड्रम, अनवाणी पाय, सगळं. टेलरबाईंनी मशीनवरचा पाय काढला.

"अहो काका," त्या म्हणाल्या, "दोन ते सहा मी रोज इथे दुकानात असते. घराला कुलूप असतं. तेव्हा खुशाल वाजवा, एवढंच सांगायला आले होते मी त्या दिवशी. काकू असतातच घरी, बटण त्यांनी दाबलं असतं." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात लेखी द्या. मग मला वाटलं, तुमच्याकडे तशी पद्धत असेल."

काकांच्या हातात पोचेची सही होती. ती त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवली, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी या आधी कधी उच्चारलं असल्यास त्याची साक्ष द्यायला कुणी नाही.

"असू दे हो," टेलरबाई म्हणाल्या. "बोलवून घ्या त्यांना परत."

काका तरातरा घरी आले. काकूंना सांगितलं. काकू ऐकत राहिल्या, 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणायचा त्यांचा पूर्ण हक्क होता, पण त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी घाईघाईनं फोन उचलला, नंबर लावायला घेतला आणि हात तिथेच थांबला. सासऱ्यांशी फोनवर कोण बोलणार? मोठ्या बहिणीकरवी निरोप गेला असता, पण हे काकांनी स्वतःच सांगायला हवं होतं.

मग काका पत्र लिहायला बसले. हजारो दाखले लिहिलेला माणूस, पण एक पान पुरं होईना. 'वरील विषयास अनुसरून' अशी सुरुवात झाली, ती फाडली. 'आपणास कळविण्यात येते की' फाडलं. चार कागद गेल्यावर जे उरलं ते असं होतं: 'बाबा, खालच्या बाईंना विचारले. आधी विचारायला हवे होते, मी विचारले नाही. दुपारी दोन ते सहा चालेल. या.' सवयीनं त्यांनी खाली शिक्का शोधला, मग नुसतीच सही केली.

उत्तर बारा दिवसांनी आलं. थोराड, उजवीकडे झुकलेलं अक्षर.

'पत्र पावले. बाईंना माझा नमस्कार सांगा. जिना आता चढवणार नाही, इकडे येताना उतरलो तेव्हाच ठरवले होते. खोका इकडे पाठवू नका, इथली फरशी मातीवर बसवलेली आहे, तिच्यातून काही येणार नाही. काम चांगले केलेत. एक सांगायचे राहून गेले. मागच्या फळीला डाव्या हाताला खालून दुसरा स्क्रू सैल आहे. पहिल्या दिवसापासून हाताला लागत होता. म्हटले, एवढ्या हौसेने केलेय, कशाला बोला.'

काकांनी चादर काढली. खोका वळवला. डावीकडे, खालून दुसरा. बोटानं दाबला तर तो खरंच हलत होता. कानांना कधीच ऐकू आलं नव्हतं, प्रोफेसरांच्या मेणबत्तीलाही सापडलं नव्हतं. शिपायाला हाक मारायची सोय इथे नव्हती. काकांनी स्वतःच पेचकस आणला आणि तो स्क्रू घट्ट पिळला.

शनिवार होता. दुपारचे अडीच. त्यांनी बटण दाबलं आणि पलीकडच्या खुर्चीवर बसून खोक्यावर तळहात ठेवला. ठोका स्वच्छ, गोल, अगदी निर्दोष येत होता. काकूही येऊन बसल्या आणि त्यांनी आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला.

"आता कसं वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"आता बरोबर वाजतंय," काका म्हणाले, आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.